पुंडलिकभाऊंचा फासा

पुंडलिकभाऊंबद्दल मी आजवर एक ओळ लिहिलेली नाही. लिहायला घेतलं की त्यांच्या मागोमाग मीही कागदावर येतो, आणि तो मी मला बघवत नाही. मागच्या महिन्यात काळे सरांचा फोन आला. म्हणाले, "आपला नाईक गेला रे." मी "अरेरे" म्हटलं, चार शब्द बोललो आणि फोन ठेवला. पुढे दोन दिवस बायको विचारत होती, काय झालंय म्हणून. तिला जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

पुंडलिक भोयर आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी नाशिककडून नवा लेक्चरर म्हणून आलो होतो, वय सव्वीस. ते पन्नाशीला टेकलेले. उंच, काटक माणूस. खाकी शर्टाच्या खिशात एक टेस्टर आणि एक लिमलेटची गोळी. गोळी स्वतःसाठी नव्हे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ज्याला रडू फुटेल त्याच्यासाठी. दरवर्षी दोन-तीन गोळ्या तरी लागत, असं ते सांगत.

प्रयोगशाळेतल्या उपकरणांना त्यांनी स्वभाव वाटून दिले होते. "हा गॅल्व्हानोमीटर लबाड हाय, सर. नव्या पोरायले देऊ नका, रडवते." "हे दुर्बीण बुढी झाली, पन खरं बोलते." मी नवा असताना त्यांचं हसू यायचं. सहा महिन्यांत मीच विद्यार्थ्यांना सांगू लागलो, की तो तीन नंबरचा लबाड आहे, त्याच्या नादी लागू नका. एखाद्या पोराचं सर्किट चुकलं की भाऊ काही न बोलता चुकलेल्या जोडावर बोट ठेवत आणि पुढे सरकत. परीक्षेतसुद्धा ठेवत, हे आता सांगायला हरकत नाही.

कॉलेजात सगळे त्यांना "पुंडलिक" म्हणत आणि "तू" म्हणत. बावीस वर्षांची नोकरी, पण काल लागलेला डेमॉन्स्ट्रेटरही "पुंडलिक, चहा सांग रे" म्हणे. मी त्यांना मनात पुंडलिकभाऊ म्हणायचो. मी सुधारलेल्या विचारांचा होतो ना! खादीचा झब्बा घालायचो, स्टाफरूममध्ये समतेवर तावातावाने बोलायचो. तोंडाने मात्र चारचौघांसारखंच "पुंडलिक".

त्या सुमारास माझ्या अमेरिकेतल्या आतेभावाने, अविनाशने, एक खोकं पाठवलं. त्यात जुने स्वेटर होते, एक कॅल्क्युलेटर होता, आणि तळाशी एक खेळ. खेळ अजबच होता. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही की हरत नाही. एकाने गोष्ट सांगायची: समोर डोंगर आहे, डोंगरात गुहा आहे, आतून कुणीतरी घोरतंय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. ते साधतं की फसतं हे फासा ठरवणार. पात्र मेलं की मेलं. गोष्ट सांगणाऱ्याने आपल्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, त्याच्यामागे नकाशे ठेवायचे, आणि महत्त्वाचे फासे तिथेच, कुणाला न दिसता टाकायचे. तो जो आकडा सांगेल तो इतरांनी खरा मानायचा. सगळा डोलारा त्या एका विश्वासावर उभा.

मी गावाबाहेर पिपरी मेघेला खोली घेऊन राहत होतो. तेव्हा तिकडे घरं तुरळक, मधूनमधून तुरीची वावरं. रविवारी दुपारी गणिताचे काळे सर आणि ऑफिसातला ढोले माझ्या खोलीवर येत आणि आम्ही हा खेळ खेळत असू. लोकांना आम्ही सांगायचो की बुद्धिबळ खेळतो. तिशीच्या आसपासची माणसं राक्षसांशी लढतात हे सांगायची लाज वाटायची. त्या लाजेला मी आज हसतो. खरी लाज पुढे यायची होती.

खोक्यातला वीस बाजूंचा फासा मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला होता, आणि त्याच्याशिवाय खेळाचं पान हलत नव्हतं. मी पुठ्ठ्याचे वीस त्रिकोण चिकटवून एक नमुना केला आणि विसरून प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला. पुंडलिकभाऊंनी तो उचलून सगळीकडून पाहिला.

"हे काय व्हय, सर?"

"फासा आहे. एका खेळाचा."

"मंग पुठ्ठ्याचा काऊन? लाकडाचा करू ना."

तीन आठवडे लागले. मोडलेल्या मीटर-ब्रिजची सागवानी पट्टी होती, तिचा तुकडा त्यांनी कानशीने घासून घासून वीस बाजूंचा केला, प्रत्येक बाजूवर सुईने आकडा कोरला आणि त्यात काळी शाई भरली. पण मला चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. फासा माझ्या हाती देण्याआधी त्यांनी तो चारशे वेळा टाकून पाहिला होता. जर्नलच्या जुन्या वहीत वीस रकाने, रकान्यात उभ्या रेघा. "सात जादा येऊन राह्यलते, सर. म्हून थोडा घासला, मंग पुन्हा टाकला. आता कोनाची बाजू घेत नाई हा." माझ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही हे सुचलं नसतं. मलाही सुचलं नव्हतं.

फासा द्यायला ते रविवारी खोलीवर आले आणि दारातच उभे राहिले. पुठ्ठ्याच्या फाशावर आमचा खेळ कसाबसा चालू होता. काळे सर आणि ढोले यांची पात्रं एका निबिड अरण्यातून चार दिवस चालत होती. पुंडलिकभाऊ थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "सर, एक इचारू? हे लोकं चार दिसापासून चालून राह्यले. जेवले काई नाई का?"

काळे सर हसले. मी खेळाचं पुस्तक चाळलं. पुस्तकात तलवारीचे अकरा प्रकार होते, पण चार दिवस माणसं काय खातात ते कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "या ना, तुम्हीही खेळा."

"नाई नाई. मी पाह्यतो."

पहिले दोन रविवार ते पायरीवर बसून पाहत होते. तिसऱ्या रविवारी मी स्वतः खुर्ची ओढून दिली आणि ते अवघडून बसले. त्या दिवशी मला माझं फार कौतुक वाटलं. रविवारी चहा मीच करणार, दुसऱ्या कुणी स्टोव्हला हात लावायचा नाही, असा नियमही मी केला आणि तो जरा मोठ्यानेच जाहीर केला.

त्यांच्या पात्राचं नाव भिवा नाईक. "गावचा राखनदार हाय. वाट दाखवते. तलवार हाय त्याच्यापाशी, पन लवकर काढत नाई." इतरांनी पात्रं लिहिताना पुस्तकातली सगळी मोठमोठी विशेषणं उतरवली होती. नाईकाच्या कागदावर एवढंच होतं, आणि खाली: एक दोर, एक कंदील, भाकरी.

पहिल्याच मोठ्या प्रसंगात नाईकाने माझी पंचाईत केली. पुलाखाली एक झोटिंग बसलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाण्यात ओढतो, असं मी रंगवून सांगितलं. ढोलेने मशाल पेटवली, काळे सरांनी मंत्र काढला. नाईक म्हणाला, "थांबा. इचारू तं द्या त्याले." आणि पुलाखाली वाकून म्हणावं तसं खुर्चीतून वाकून, "काऊन बसला गा इथं?"

पुस्तकात झोटिंगाला मारायला किती लागतं ते होतं, तो तिथे का बसला ते नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला थंडी वाजते."

"मंग वरतं ये ना लेका, उन्हात. पान्यात बसून काऊन थंडी जाईन?"

झोटिंग वर आला. पुढे तीन महिने तो आमच्याबरोबर सामान उचलत चालत होता. काळे वहिनी भाजीबाजारात भेटल्या तर मला झोटिंगाची खुशाली विचारायच्या.

हळूहळू सगळे नाईकाचं ऐकू लागले. कुणी ठरवलं नव्हतं, पण नाईक आत शिरण्याआधी वारा कुठून येतो ते विचारायचा, परत फिरायची वाट पाहून ठेवायचा, आणि गुहेतून बाहेर पडलं की सगळ्यांना उभं करून मोजायचा. काळे सर म्हणजे ज्यांच्या वर्गावरून प्राचार्यही पावलं न वाजवता जात. त्यांना नाईक सरळ सांगे, "प्रोफेसर, तुमी मांगं राहा. तुमचा मंतर लांबून चालते." आणि सर "बरं नाईक" म्हणून मागे राहत. तोच आवाज, तोच माणूस, पण रविवारी आम्हाला तो वेगळा ऐकू यायचा. सोमवारी पुन्हा "पुंडलिक, बेंच पूस".

एका सोमवारी स्टाफरूममध्ये काळे सर चुकून बोलून गेले, "नाईक, जरा चाव्या देता का?" सगळ्यांच्या माना वळल्या. "नाईक? कोण नाईक? आणि देता का?" हशा पिकला. मीही हसलो, आणि इतरांपेक्षा जरा जास्तच हसलो, कारण नाईकाशी माझा काही संबंध असेल अशी कुणाला शंका यायला नको होती. पुंडलिकभाऊंनी चाव्या टेबलावर ठेवल्या आणि ते निघून गेले. रविवारी ते नेहमीसारखे आले.

खेळ कितीही रंगलेला असो, साडेपाचच्या देवळीच्या एस.टी.साठी ते उठत. एकदा मी म्हटलं, "थांबा की, मोक्याची वेळ आहे."

"नाई सर. बापू वाट पाह्यते."

त्यांचे वडील, बापू. ऐंशीच्या घरातले, दहा वर्षांपासून डोळे गेलेले. देवळीपासून तीन मैलांवरच्या गावी थोरल्या भावाजवळ राहत. पुंडलिकभाऊ दर रविवारी तिकडे मुक्कामाला जात आणि दुपारचा सगळा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बापूंना सांगत. "एक बी गोठ सोडली तं पकडते बापू. दिवसभर तेच घोकत राह्यते ना बाजीवर." बापू शंकाही पाठवत. त्या गुहेत पानी कोन्या बाजूनं येते? तो किल्लेदार त्याच्या बाजारात धान्य कुठून आनते? मी घाबरून रात्रभर नकाशे दुरुस्त करायचो. वर्ध्याच्या बाजारापलीकडे कधी न गेलेल्या त्या माणसाला माझं सगळं राज्य माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. एकदा पुंडलिकभाऊ हसत म्हणाले, "सर, नाईकाले सांभाळा बरं. नाईक मेला तं बापू जेवन नाई."

मी म्हटलं, "ते माझ्या हातात नाही. फाशाच्या हातात आहे." अशी वाक्यं मला तेव्हा फार आवडायची.

दोन वर्षं अशी गेली. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात अविनाश अमेरिकेहून आला आणि चार दिवस माझ्याकडे राहिला. त्याच्यामुळेच हा खेळ आमच्यापर्यंत पोचलेला, म्हणून रविवारी त्याला मोठ्या मानाने बसवलं. तो तिकडे हा खेळ रग्गड खेळलेला. त्याने एक चिलखतवाला योद्धा घेतला आणि पहिल्या दहा मिनिटांत तीनदा तलवार उपसली. डोंगरातल्या बोगद्यापाशी आलो तेव्हा नाईक नेहमीसारखा म्हणाला, "पाहुणे, तुमी मांगं राहा. पह्यले मी पाह्यतो."

अविनाश माझ्याकडे झुकला आणि इंग्रजीत म्हणाला, "हा तुमच्या कॉलेजचा शिपाई ना? आणि तो तुम्हाला हुकूम सोडतो?"

"खेळात रे," मी म्हटलं.

"दोन वर्षांत एकही मेला नाही म्हणतोस. हा खेळ आहे की भजनी मंडळ? की तूही भितोस त्याला?"

आवाज दबका होता, पण खोली केवढीशी. ज्या माणसाने चोवीस वर्षं इंग्रजीत चाललेली प्रॅक्टिकलं ऐकली, त्याला एवढं इंग्रजी कळत नसेल असं आम्ही दोघांनीही धरून चाललो. पुंडलिकभाऊ टेबलाकडे पाहत होते. माझे कान तापले. मला राग अविनाशचा यायला हवा होता. तो आला पुंडलिकभाऊंचा. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. खुर्ची मी दिली होती आणि ते तिच्यावर माझ्या परवानगीची आठवण न ठेवता बसले होते.

बोगद्याचं छत कोसळू लागलं. नाईकाने वरचं लाकूड खांद्यावर पेललं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. पाहुण्यांना आधी. आता तो स्वतः निघतो की गाडला जातो, हे फाशाने ठरायचं. मी सगळ्यांदेखत सांगितलं, "अकरा किंवा वर आले तर नाईक वाचतो." आणि आडोशामागे फासा टाकला.

सतरा आले.

काळ्या शाईतला तो आकडा मी नीट पाहिला. घाईत वाचला असंही म्हणता येणार नाही. त्याच्यावर तळहात ठेवला आणि म्हणालो, "चार."

मग पुंडलिकभाऊंनी विचारलं, "चार?"

"चार."

"नक्की, सर?"

"हो."

"मंग गेला नाईक," ते म्हणाले.

अविनाशने टाळी वाजवली. "आता कसा खेळ झाला!" काळे सर कळवळून म्हणाले, "अरे, एकदा परत टाक ना, काय बिघडतं?" मी कडक चेहऱ्याने म्हटलं, "नियम म्हणजे नियम, सर." हे वाक्य मी उच्चारलं. माझ्या आयुष्यातली काही वाक्यं मला पुसता आली तर त्यात हे पहिलं असेल.

पुंडलिकभाऊच काळे सरांना म्हणाले, "नाई सर, पडलं ते पडलं." त्यांनी नाईकाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते खुर्चीवरून उठले. "चा मांडतो," म्हणाले, आणि स्टोव्ह पेटवायला गेले.

दोन वर्षांत माझ्या खोलीत त्यांनी एकदाही चहा केला नव्हता. मी "राहू द्या" म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. पहिला कप त्यांनी अविनाशच्या पुढे धरला आणि त्याने वर न पाहता घेतला. दुसरा मी घेतला. चहा चांगला झाला होता. मग ते कपबशा विसळून साडेपाचच्या गाडीला गेले.

मी त्यांना नवीन पात्र घ्या म्हणून सांगितलं. आणखी दोन रविवार ते आले आणि पायरीवर बसले. "खेळा तुमी, मी पाह्यतो." तिसऱ्या रविवारी आले नाहीत. महिन्याभरात आमचा खेळच बंद पडला. काळे सर म्हणाले परीक्षा आल्या, ढोले म्हणाला पाहुणे आले. नाईकाशिवाय आम्हाला पुढची वाट सापडत नव्हती, हे कुणी बोललं नाही.

पुढे वर्षभर आम्ही दोघं रोज एका प्रयोगशाळेत होतो. सांगायची संधी मला रोज अकरा ते पाच मिळत होती. मी स्वतःची समजूत घालायचो, की अरे, लाकडाचा तुकडा तो, कागदावरचा माणूस, यात क्षमा मागण्यासारखं काय आहे? मग एखाद्या पोराच्या चुकलेल्या जोडावर त्यांचं बोट पडलेलं दिसे आणि मी दुसरीकडे पाही. त्यांच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता, त्यामुळे मला आणखीच चीड यायची. त्यांनी एकदा तरी तोंड फिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर बापूंनी अंथरूण धरलं आणि पुंडलिकभाऊंनी लांबची रजा टाकली. त्याच दिवसांत मला पुण्याला नोकरी मिळाली. सामान बांधून झालं. निघायला चार दिवस उरले तेव्हा एका सकाळी मी ठरवलं, की जाऊन सांगायचंच. दुपारच्या गाडीने देवळीला उतरलो आणि विचारत विचारत तीन मैल चालत गेलो. कापसाची वेचणी चालू होती. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. "पुंडलिकभाऊ, मी त्या दिवशी खोटं बोललो." सोपं वाक्य होतं, पण दर वेळी त्याला शेपूट फुटायचं: अविनाशमुळे, गंमत म्हणून, नकळत.

त्यांच्या घरी पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला होता. अंगणात उन्हात बाज टाकून बापू निजलेले, अंगावर गोधडी. पायथ्याशी पुंडलिकभाऊ माझ्याकडे पाठ करून बसले होते. ते बोलत होते. मी कुंपणाशी थांबलो.

"...मंग नाईक म्हणते, या डोंगरापलीकडं आपुन कदी गेलो नाई. झोटिंगाले सांगते, तू सामान धर, मी पुढं होतो..."

मला आधी कळेचना. मग कळलं, की वर्षभर ते दर रविवारी येऊन गोष्ट पुढे सांगत होते. आमच्याकडे गाडला गेलेला नाईक इथे कुठल्या कुठे पोचला होता.

बापूंनी मान वळवली. "कोन आलं रे? हा पायरव आपला नाई."

पुंडलिकभाऊ वळले आणि मला पाहून उभेच राहिले. "सर आले, बापू. गोठ सांगनारे सर."

"सर?" म्हाताऱ्याचे दोन्ही हात गोधडीबाहेर आले आणि जोडले गेले. "या, या. बाज आन रे सरांले. सर, लय दिसापासून भेटाचं होतं. तुमच्या हातानं नाईक वाचला. त्या बोगद्यात गेलाच होता तो. वरतं लाकूड, खाली हा एकटा, अन अकरा पायजेत म्हने! मी तं उठून बसलतो बाजीवर. आले किती? सतरा! सतरा आले!"

मी तो आकडा कुणाला सांगितला नव्हता. काळे सरांना नाही, अविनाशलाही नाही. आडोशामागे मी एकटा होतो.

आणि तिथे अंगणात उभ्या उभ्या मला माझी खोली दिसली. माझ्या खुर्चीच्या मागे पुस्तकांचं काचेचं कपाट होतं. समोरच्या त्यांच्या खुर्चीवरून त्या काचेत माझ्या आडोशामागचं सगळं टेबल दिसणार, नकाशे, फासे, सगळं. मी कॉलेजात परावर्तनाचे नियम शिकवत होतो. दोन वर्षं त्या माणसाला माझा प्रत्येक फासा दिसू शकत होता, प्रत्येक गुहेतली प्रत्येक वाट दिसू शकत होती. आणि मग हेही आठवलं, की मी फासा हातात घेतला की ते खाली जमिनीकडे पाहत. मला वाटायचं देवाचं नाव घेत असतील. त्यांनी फक्त एकदा वर पाहिलं होतं, नाईकाच्या जिवाचा प्रश्न होता तेव्हा. स्वतः कोरलेला आकडा काचेत उलटा दिसला तरी त्यांना वाचता येणारच.

"सतराच आलते ना, सर?" बापू विचारत होते. "का पोरगं मले खुश कराले सांगते?"

"सतराच आले होते, बापू," मी म्हणालो.

पुंडलिकभाऊ माझ्याकडे न पाहता चहा सांगायला आत गेले.

बापूंशी मी तासभर बोललो असेन. ते मला राज्याच्या सीमा विचारत होते आणि मी हो हो म्हणत होतो. परतताना पुंडलिकभाऊ देवळीपर्यंत पोचवायला आले. मी नको म्हटलं, ते आले. तीन मैल आम्ही बरोबर चाललो. मी पुण्याच्या नोकरीबद्दल बोललो, तिथल्या नळाच्या पाण्याबद्दल बोललो. त्यांनी विचारलं, माझ्या जागी कोण येणार, आणि तो तीन नंबरचा गॅल्व्हानोमीटर लबाड आहे हे त्याला सांगून ठेवलं का. स्टँड दिसायला लागला तेव्हा मी कसाबसा सुरू झालो, "पुंडलिकभाऊ, त्या दिवशी मी..."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना तोंडाने भाऊ म्हणालो होतो.

"जाऊ द्या, सर," ते म्हणाले. "तिथं तुमी सांगितलं ते आयकलं मी. पन बापूले खोटं सांगता नाई आलं मले."

त्यांनी मला थांबवलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी थांबायला टपलेलोच होतो. त्यांच्या त्या बोलण्यानंतरही क्षमेचे दोन शब्द उच्चारायला वेळ भरपूर होता, गाडी यायला अजून दहा मिनिटं होती.

गाडी आली ती खच्चून भरलेली. पुंडलिकभाऊ दारापाशी जाऊन कंडक्टरला म्हणाले, "आमचे सर हाय, कॉलेजचे. लांबून चालत आले. पाहा जरा." कंडक्टरने आत नजर टाकली आणि दाराजवळच्या बाकावर गाठोडं घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला उठवलं. म्हातारा उठला आणि दांडी धरून उभा राहिला. मी बसलो.

गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. पुंडलिकभाऊ रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी हात वगैरे केला नाही. ते त्या उभ्या म्हाताऱ्याकडे पाहत होते, मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्धा येईपर्यंत मी बसूनच होतो.